पाच वॉटचा

"चाळीस वॉट!" असं म्हणत अनीशने लेसरचं खोकं काउंटरवर आपटलं.

जयदेव म्हात्र्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खोक्याची मागची बाजू डोळ्यांजवळ धरून वाचली. "खातो चाळीस, की ओकतो चाळीस?"

अनीशला हसू आलं. उल्हासनगरच्या त्याच्या दुकानात दिवसाला दहा जण लेसर बघून जात, पण हा प्रश्न कोणी विचारत नसे. "खातो चाळीस, काका. बाहेर पडतात पाच. आता तुमच्यापासून क्या छुपाना?"

"मग सरळ पाच म्हण ना. बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीत मी. मला चाळीस सांगतोय!"

बदलापूरच्या घरी जयदेवांची पाटाएवढी, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन होती. लाकूड कोरायचा छंद, दुसरं काय. आता तिच्यावर लेसर बसवून देव्हाऱ्याची जाळी कापायची होती. मशीन आतल्या खोलीत होती, खिडकीजवळ. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तिथे त्यांच्या बायकोची, सखूची खाट होती.

तीन वर्षं सखू त्या खाटेवर होती. अर्धं अंग गेलेलं. लग्न असो, पूजा असो, दोस्त महिपतीकडचा कॅरम असो, जयदेवांचं सगळ्यांना एकच उत्तर असायचं, "घर सोडून निघता येत नाही मला." कधी वैतागूनही म्हणायचे. भिंतीपलीकडे तिला ऐकू जात असेल, याचं भानही राहत नसे. ते आता छळत होतं. तेराव्याला कोणीतरी म्हणालं, "सुटली बिचारी. तुम्हीपण सुटलात." सुटले खरे. इतके सुटले, की दाराला कुलूप लावून जिन्यात उभे राहायचे आणि कुठे जायचं तेच सुचायचं नाही. मग महिपतीकडे कॅरम. साडेसात वाजले की एकेकाचा फोन वाजायला लागे, 'जेवायला या.' माणसं उठत. जयदेवांचा फोन तेवढा गप्प. ते सोंगट्या डब्यात भरत बसायचे.

"मी सांगतो ते ऐका," म्हणत अनीशने दुसरं, मोठं खोकं उघडलं. "हा घ्या. वीस वॉट, अस्सल वीस. तुमची जाळी वीस मिनिटांत. धूर उडवायला पंप. आग लागली तर आपणहून बंद. वर कॅमेरा, मोबाईलवर सगळं दिसतं. लावायचा आणि मस्त फिरायला जायचं."

"म्हणजे मी लागतच नाही."

"अजिबात नाही!" अनीश छाती फुगवून म्हणाला.

जयदेवांनी मोठं खोकं हलकेच बाजूला सरकवलं. "आणि हा पाचवाला?"

"हा?" अनीशने तोंड वाकडं केलं. "कटकट आहे, काका. एकाच रेषेवरून सात-आठ वेळा फिरवावा लागतो. जाळीला तीन तास धरा. फोकस हाताने लावायचा, मध्ये मध्ये काच पुसायची. आणि याला एकटं सोडायचं नाही हां! प्लाय कधी पेटेल नेम नाही. चहा करायलापण उठायचं नाही. शेजारी बसून राहावं लागतं."

"बसूनच?"

"बसूनच."

"लाव बघू."

अनीशने दुकानातल्या मशीनवर तो लेसर चढवून प्लायचा तुकडा ठेवला, त्यांना हिरवा चष्मा दिला, स्वतः एक घातला आणि मशीन सुरू केली. निळा ठिपका रांगत निघाला. जळक्या लाकडाचा वास सुटला. जयदेवांनी स्टूल कधी पुढे ओढलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून ते मशीनला खेटून बसले. एका कोपऱ्यात धूर जास्त झाला, तशी त्यांनी वाकून फुंकर घातली. ठिपका पुढे सरकला. त्यांना बरं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, खरंच बरं वाटलं.

"हाच दे."

"काका, पैशाचं टेन्शन नका घेऊ. मोठा हप्त्यावर देतो ना!"

"पैशाचं नाही रे बाबा."

पंचविशीतल्या पोराला काय सांगणार, कपाळ?

खोकं घेऊन ते रिक्षात बसतायत न बसतायत, तोच खिशात फोन वाजला. महिपती होता.

"म्हात्रे, उद्या चारला या. चौथा भिडू नाही."

"उद्या नाही जमायचं."

"का हो? रोज तर येता."

"उद्या दुपारी घर सोडून निघता येणार नाही मला."

बोलून गेले आणि आपलाच आवाज त्यांना ओळखीचा वाटला. वाक्य तेच होतं. फक्त आज त्यात वैताग नव्हता.

"अहो, पण आता घरी आहे कोण तुमच्या?"

जयदेवांनी फोन खिशात टाकला, खोकं मांडीवर उभं केलं आणि दोन्ही हातांनी नीट धरलं.

"विठ्ठलवाडी स्टेशन," ते रिक्षावाल्याला म्हणाले. "आणि जरा खड्डे बघून घे, बाबा. हळू."