बोक्याने पळवलेली बटणं

“मास्तर, तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण मी स्वतः तिथं होतो,” सुईत दोरा ओवत म्हाताऱ्या शिंप्याने सुरुवात केली.

हेडमास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेतीन. चार वाजता शाळेत त्यांचा निरोपसमारंभ, आणि कोटाला तीनही बटणं लागायची होती.

“अकराला देणार होतात,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं पोरांना वेळेवर यायला शिकवलं. आज शेवटच्या दिवशी मीच उशिरा जाऊ? तेही उघड्या कोटाने?”

शिंप्याची एक जुनी रीत होती. गिऱ्हाईक तापलं की एका बटणाला एक थाप. कान तिकडे गुंतले की हातांना सवड मिळते.

“सकाळी बटणांची पुडी उघडली, तोच आमचा बोका आला. पुडी तोंडात धरली आणि खिडकीतून पसार.”

“उघडलेली पुडी? बटणं सांडली असती.”

“शिंप्याचा बोका तो. आधी नीट दुमडली, मग धरली.”

पहिलं बटण बसलं.

“तो कौलांवर, मी कौलांवर. खालून पावाची गाडी चाललेली. त्याने थेट टपावर उडी घेतली. आता या वयात मी काय करणार?”

“काय केलंत?”

“मीही घेतली.”

हेडमास्तरांची मिशी जराशी हलली. दुसरं बटण बसलं.

“गाडी पार नदीवर. तिथं पुलाच्या कठड्यावर त्याला गाठलं. म्हटलं, बाबा रे, आज मास्तरांचा मान आहे, दे ती पुडी. तर त्याच्या डोळ्यांत, काय सांगू, पाणी…”

कोपऱ्यात कपड्यांवरून फिरणारी इस्त्री थांबली. शिंप्याच्या बायकोने ती उभी करून ठेवली.

“कसली गाडी नि कसला पूल,” ती म्हणाली. “साडेदहाला खिडकीतून ऊन आलं. यांनी खुर्ची उन्हात ओढली आणि बोका यांच्या मांडीवर झोपला. दोन वाजेपर्यंत. त्याची झोप मोडेल म्हणून हा माणूस उठला नाही. ऊन सरकेल तशी बसल्या बसल्या खुर्ची सरकवत होते, इंच इंच. चहासुद्धा मी हातात आणून दिला.”

शिंप्याने तिसऱ्या बटणाला गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि वर न बघता कोट पुढे केला.

हेडमास्तरांनी कोट चढवला. तिन्ही बटणं लावली. बाहीवर एक पिवळा केस होता, तो चिमटीत धरून उजेडात बघितला. मग दारापर्यंत गेले आणि थांबले.

“उद्यापासून मी रिकामाच आहे,” ते म्हणाले. “तुमचा बोका परक्या मांडीवर झोपतो का?”