पिसवांची वरात

“सान्वे, तुझाच काय, अख्ख्या मानपाड्याचा विश्वास बसणार नाही!” शाळेतून आलेल्या नातीला मी दारातच अडवलं. “सकाळी खंड्याला ढेकणांचं औषध चोळलं, आणि तासाभरात त्याच्या अंगावरच्या झाडून साऱ्या पिसवा उतरल्या. वरातच निघाली गं, चटईवरून थेट उंबऱ्याबाहेर! मग आपला कुत्रा एवढा हलका झाला, की उड्या मारत खडवलीच्या नदीवर पोहायला गेला.”

ती नेहमीसारखी हसली नाही. खंड्यासाठी डब्यात राखलेला पोळीचा तुकडा तिच्या हातातच राहिला.



“खोटं, आबा. आपली मनीमाऊ मेली, तेव्हा तिच्याही पिसवा अशाच उतरल्या होत्या.”