सीटची उंची

सायकल कुणीही नेली, तरी परत आणल्यावर सीट तिच्या खालच्या दांडीवरच्या निळ्या टेपपर्यंत आणून ठेवायची, हा बाबांचा दंडक. ते गेल्यावर मी त्याच उंचीवर बसून कामाला जाऊ लागले. पाय पेडलला जेमतेम पुरायचे, कंबर डोलायची. घासून घासून जांघेत फोड आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मलम लावा, जागा कोरडी ठेवा, चार दिवस बसनं जा. पण सीट उतरवली नाहीत, तर पुन्हा इथंच याल.” घरी मी पाना फिरवला. दांडी ज्या नळीत सरकते, तिच्या तोंडाशी टेप अडकत होती. ती काढल्याशिवाय सीट उतरणार नव्हती. “बाबा रागावतील,” मी बोलून गेले. “तुझे फोड बघून जास्त रागावले असते,” म्हणत आईनं नखानं टेप सोलली. सीट खाली सरकली. तिनं नवी टेप माझ्या उंचीवर गुंडाळली. “आता दादानं नेली, तरी इथंच आणून ठेवायची.”