वरची फांदी

"चूक काय झाली ते बोला, जावईबापू. त्याशिवाय पोरगी उंबरा ओलांडायची नाही," रामानित्रा म्हणाला आणि तिकडे सगळे पितात तसा करपलेल्या भाताच्या पाण्याचा पेला त्यानं जावयापुढे सरकवला.

मिहाजाला हसू आलं. चूक म्हणे! बायको रुसून माहेरी गेली, की नवऱ्यानं नवं वस्त्र घेऊन जायचं, सासऱ्यापुढे आपली चूक कबूल करायची, मगच तिला घरी न्यायचं, ही रीत त्यालाही ठाऊक होती. वस्त्र त्यानं आणलं होतं. नसलेली चूक कुठून आणणार? घरात भाताला कमी नाही, छप्पर गळत नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. आणखी काय सोन्यानं मढवायचं तिला?

बायकोला, वोलाला, हवी होती वेगळी चूल. अंगणापलीकडे का होईना, पण स्वतःची खोली. का, तर सासू बघते. "आई मारते का तुला?" त्यानं विचारलं होतं. नाही. "टाकून बोलते?" तेही नाही. नुसती बघते. भात वाढून घेताना बघते, केस विंचरताना बघते, झोपायला जाताना बघते. मिहाजा पोट धरून हसला होता. बघून कुणाच्या अंगाला भोकं पडतात का! पुढं वोला गप्प झाली, जेवण कमी झालं, कोपऱ्यात बसायला लागली. चला, रुळली एकदाची, असं त्याला वाटलं. आणि एक दिवस बाई गाठोडं बांधून चालती झाली.

"चूकबीक काही नाही, मामा," तो म्हणाला. "तिला समजावा, आणि पाठवा."

सासऱ्यानं वाद घातला नाही. "बरं. मग जाता जाता आमचे घोयरे तरी बघून जा. त्यातलं तुम्हाला कळतं."

आता मात्र मिहाजा खुशीत उठला. रंग बदलणाऱ्या या सरड्यांमधलं आपल्याइतकं अख्ख्या मादागास्करात कुणाला कळत नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. त्याच्या घरामागच्या जाळीत ते पोसलेले असत आणि मोरामांगाच्या रस्त्यानं जाणारे पाहुणे गाड्या थांबवून बघायला येत. सासऱ्याचं ज्ञान तर त्यानं पूर्वीच पाहिलं होतं. म्हाताऱ्यानं आपल्या खाणावळीतल्या गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून एक घोयरा काचेच्या बरणीत ठेवला होता. पुढ्यात बशीभर पाणी आणि उष्टा भात. घोयरा म्हणजे काय कोंबडी आहे भात टिपायला? आणि साचलेल्या पाण्याला तो तोंड लावत नाही, पानावरचे थेंब चाटतो, हे शेंबड्या पोरालाही कळावं. तो मेला तेव्हा मिहाजानं ती गोष्ट गावभर हसून सांगितली होती.

या खेपेला पडवीत चांगला उंच पिंजरा होता. चहूबाजूंनी जाळी, खेळती हवा, अर्धं ऊन, अर्धी सावली. आत कुंडीतलं जितं झाड. वर तळाला भोक पाडलेला डबा टांगलेला, त्यातलं पाणी पानांवर ठिबकत होतं. शेजारच्या टोपलीत पाला खाऊन माजलेले रातकिडे. आपल्याकडचं बघून केलेली नक्कल, मिहाजानं मनात नाक मुरडलं.

मग त्याला दिसलं, की आत दोन नर आहेत.

"हा बारका बघा," रामानित्रानं बोट दुमडून त्याच्याकडे दाखवलं. घोयऱ्याकडे सरळ बोट करणं अशुभ, म्हणून तो भ्यायचा. "कालपासून खात नाही. काळा पडलाय. काही औषध?"

"औषध? अकलेचं मिळालं तर बघा." मिहाजाला जोर चढला. "दोन नर एका पिंजऱ्यात ठेवतं का कुणी?"

"पण मोठा त्याला चावत नाही हो."

"चावायला कशाला हवं? तो वरच्या फांदीवर बसून नुसता बघतो. तेवढं पुरे होतं."

"अन्न आहे, पाणी आहे."

"असून काय उपयोग? घास घ्यायला तोंड उघडावं, तर वरून तो बघतोय. दुबळा जीव भांडत नाही, मामा. खालच्या फांदीवर उतरतो आणि भरदिवसा डोळे मिटून बसतो. तुमच्यासारख्यांना वाटतं, शांत झाला. शांत कसला, मरायला टेकतो."

"मग काय करायचं?"

"करायचं काय! वेगळं घर द्यायचं. मधे आडोसा करायचा. याची नजर त्याच्यावर पडता कामा नये. मग बघा, आपोआप खायला लागेल. एवढं कळायला काय डोकं लागतं? कुठल्या गाढवानं यांना एकत्र कोंबलं?"

आतून वोला आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पिंजऱ्याचं दार उघडून तिनं बारक्याला अलगद मनगटावर घेतलं आणि मागच्या पडवीत नेलं. तिथं दुसरा पिंजरा तयार होता. त्याच्यावरही एक डबा ठिबकत होता.

मिहाजाच्या हातातलं वस्त्र तसंच राहिलं.

"एकत्र होय? माझ्या पोरीनं ठेवले," सासरा म्हणाला. "काल, तुम्ही येणार असा निरोप आल्यावर. म्हणाली, चूक काय ते माझ्या सांगण्यानं त्यांना कळलं नाही. आता ती त्यांच्याच तोंडून ऐका, बाबा."