पेपरच्या आधी

"आप्रेशन दुर्बिणीचंच करा," नीलाबाई म्हणाली. डॉक्टरांचं बोलणं अजून अर्धंही झालं नव्हतं.

"ताई, ऐकून तर घ्या. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ॲड्रीनल. तिच्यात पेरूएवढी गाठ आहे. कॅन्सरचीच वाटते. दुर्बिणीनं काढताना ती आत फुटली तर पोटभर पसरेल. पोट उघडलं तर आजूबाजूच्या चरबीसकट अख्खी निघते."

"पर दुर्बिणीनं घरी कवा सोडताव?"

"तीन-चार दिवसांत. पोट उघडलं तर आठ-दहा दिवस. आणि पुढे दोन महिने जड काम बंद."

"दोन म्हैने!" नीलाबाई खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. कॅन्सरपेक्षा तिला त्या दोन महिन्यांचीच धास्ती बसली. "पोरीचा पेपर तोंडावर आलाय, साहेब. मेसचं खाल्लं की तिचं पोट बिघडतंय. गेल्या साली तेवढ्यानंच घात केला."

"कसला पेपर?"

"डॉक्टरकीचा."

पोरीला डॉक्टर करायचं तर आईनं लातुरात खोली करून राहायचं, ही आता रीतच पडून गेली आहे. नीलाबाईही कंधारकडचं घर नवऱ्यावर टाकून इथे तव्यापुढे उभी होती. तनुजा बाहेर बाकावर वही उघडून बसली होती. आई बीपी दाखवायला आलीय, एवढंच तिला माहीत.

"तिला आत बोलवा," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई, न्हाई! तिला सांगू नका, हात जोडते. ध्यान उडंल पोरीचं."

"सांगत नाही. विचारतो."

तनुजा आली ती वहीच्या पानात बोट घालूनच. क्लासची वेळ होत आली होती; एक पाय अजून दाराबाहेर.

"एक प्रश्न आहे. ॲड्रीनलची मोठी गाठ. कॅन्सरचा संशय. फुटली तर पसरणार. दुर्बीण की पोट उघडायचं?"

तनुजाचा चेहरा खुलला. एवढा सोपा प्रश्न तिला कुठल्याच टेस्टमध्ये आला नव्हता.

"पोट उघडायचं, सर. अख्खी निघाली पाहिजे."

"आणि पेशंट म्हणाला, घरी काम आहे, दुर्बिणीनंच करा, तर?"

"काम?" तनुजा हसली. "जिवापेक्षा मोठं असं कोणतं काम हाय, सर? त्याला समजावणारं घरी कुणीच न्हाई का?"

डॉक्टरांनी नीलाबाईकडे पाहिलं. नीलाबाई पिशवीतला डबा उगाच आडवा-उभा करत राहिली.

तनुजानं डॉक्टरांकडे पाहिलं. मग टेबलावरच्या रिपोर्टकडे. हसू तोंडावर तसंच राहिलं. पेशंटसाठी तिथे एकच खुर्ची होती, आणि तिच्यात आई बसली होती.

तिनं वहीतलं बोट काढून घेतलं.