मागची चाकं

शेवटच्या वळणावर लाल गाडीचं बूड घसरलं आणि हॉलमध्ये जमलेल्या घरच्यांनी श्वास रोखला. पूर्णिमाने नाही रोखला. टीपॉयला आवळून बसवलेलं खेळातलं स्टेअरिंग तिने हलकेच घसरणीच्या अंगाला फिरवलं, पायाखालचं पेडल किंचित सैल सोडलं आणि वाट पाहिली. टीव्हीच्या पडद्यावर गाडी थरथरली, सरळ झाली आणि रेषेपार गेली. वर तिची वेळ झळकली. ईशानच्या वेळेपेक्षा कमी.

"जितली ना व बाई!" सासूबाई आशाबाई ओरडल्याच.

ईशान, तिचा नवरा, सोफ्यावर बसून हसत होता. हे हसू पूर्णिमाच्या चांगलं ओळखीचं होतं.

पैज त्यानेच लावली होती, पोळ्याच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या याच हॉलमध्ये. इचोड्याच्या बाजारात तिच्या हातून गाडी एका हातगाडीला घासली, तेव्हापासून किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने स्वतः हायवेच्या दुभाजकाला दोनदा ठोकली होती, पण ती म्हणे रस्त्याची चूक. तिने किल्ली मागितली तसं त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्या लाल गाडीत मले हरव. मंग दसऱ्याले मुधोळला, तुज्या माहेरी, तूच चालवत ने." सगळे खो खो हसले होते, कारण ती लाल गाडी म्हणजे निव्वळ ओला साबण. वळणावर पेडल जरा जास्त दाबलं की मागची चाकं सुटायची आणि गाडी गिरकी घेऊन उलटं तोंड करून उभी राहायची. ईशानचे मित्रसुद्धा तिच्या वाटेला जात नसत.

पूर्णिमा मात्र हात धुऊन तिच्या मागे लागली. शाळेत गणित शिकवून घरी आली की बसायची. आधी नुसत्या गिरक्या झाल्या. मग हळूहळू कळत गेलं. मागची चाकं ज्या अंगाला घसरतील त्याच अंगाला स्टेअरिंग वळवायचं, ब्रेकला पाय लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे चिडायचं नाही. रागाने दाबलेलं पेडल त्या गाडीला खपत नसे. येता-जाता ईशान विचारायचा, "आज कोन्या झाडावर चढवली?" ती पुढचं वळण घ्यायची. राग गिळून गिळून तिने ती गाडी हाताखाली आणली होती.

"अहो, किल्ली," म्हणत तिने आता हात पुढे केला.

"अवं, तो खेळ व्हय," ईशान म्हणाला. "तू खरंच धरून बसली का? हायवेवरचे ट्रक काय टीव्हीतले हायत?"

"पैज तुमीच लावली होती."

"गमतीनं म्हनलं होतं. आन् आज दसरा, गाडीची पूजा झाली. लिंबावरून गाडी घरच्या गडीमानसानंच काढायची असते. इचार बाबाले."

तिचे सासरे नरसिंगराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तसा रिवाज हाय खरा." मघाशी ओरडलेल्या आशाबाई आता सोनं म्हणून वाटायची जम्मीची पानं निवडू लागल्या.

समोरचा टीव्ही उचलून अंगणात भिरकावून द्यावा, असा पूर्णिमाला संताप आला. हरली असती तर हे लोक पुढच्या पोळ्यापर्यंत हसत बसले असते. जिंकली, तर म्हणे खेळ! आणि रिवाज? गाडी तिच्या नावावर. पूजेचं ताट तिने केलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक तिने काढलं, चाकांखाली लिंबं तिने वाकून ठेवली. तिथवर कुठल्याच रिवाजाने तिचा हात धरला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "काढा गाडी."

एवढ्यावर निभावलं म्हणून ईशान खूश झाला. त्याने झेंडूची माळ घातलेली गाडी सुरू केली, लिंबं फुटली आणि गाडी फाटकाबाहेर येऊन थांबली. समोरच्या रेणुकाबाई सोनं द्यायला ओट्यावरून उतरत होत्या. ईशानने आतूनच आपल्या शेजारचं दार ढकलून उघडलं. पूर्णिमाने ते धाडकन लावलं. मग मागचं दार उघडून ती आत शिरली, पर्स बाजूला ठेवली आणि ऐसपैस टेकून बसली.

"मागं काऊन बसली?"

"मालकीण मागंच बसते."

"लोक पाहून राह्यले, पूर्णिमा. मी काय ड्रायवर हाय का?"

"मंग कोन हाय? मले किल्ली द्यायची नाय, गाडी तुमीच चालवनार, तर चालवा. उद्यापासून शाळेतबी असंच सोडायचं. सुटेपर्यंत फाटकापाशी उभं राहायचं. चला, मुधोळला घ्या."

आवाज तिने मुद्दामच उतरवला नाही. महिनाभर गिळलेलं आता गिळायचं काही कारण उरलं नव्हतं. रेणुकाबाई हातात पानं धरून जागच्या जागी थांबल्या. आशाबाई दारात आल्या. त्यांच्यामागे नरसिंगराव, पेपर हातातच.

ईशान नाकासमोर बघत बसला. इंजिन चालू होतं, गाडी हलत नव्हती. मागून कापसाच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला. शेवटी ईशानने इंजिन बंद केलं आणि मान न वळवता किल्ली खांद्यावरून मागे धरली.

पूर्णिमाने किल्लीकडे पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही.

"अशी नाय," ती म्हणाली. "खाली उतरून द्या."