केराबाईनं घोडं उतरवलं

दरसाल मेंढरं घेऊन सोलापुरावरून जाताना केराबाई म्हणायची, "अवं, एकदा किल्ला दावा की." आणि तिचा नवरा येडू दरसाल तेच सांगायचा, "मी आतून सगळा बघितलाय. नुसते दगड हायती. चल म्होरं."

सातव्या वर्षी तिनं विचारलंच नाही. धनगराच्या वाटेवर बिऱ्हाड लादलेलं घोडं घेऊन बाई पुढं जाते, गडी मेंढरांमागून येतो, आणि बाई घोडं उतरवील तिथंच त्याला भाकरी मिळते. केराबाईनं ठरलेला माळ सोडला, घोडं थेट किल्ल्याच्या खंदकापाशी उतरवलं आणि तीन दगडांची चूल पेटवली.

ऊन कलल्यावर येडू मेंढरं हाकत, तिला हुडकत आला. "अगं, हितं कुटं उतरलीस?"

"भाकरी खावा, मग किल्ला दावा. त्याबिगर घोडं लादायची न्हाय मी."

येडूनं भाकरी संपवली, मिशा पुसल्या, तटाकडं डावीउजवीकडं बघितलं. मग केराबाईची पाठ वळलेली बघून खंदकाकाठच्या पहारेकऱ्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "दादा, ह्याचं दार कुठल्या अंगाला हाय?"